सहा बरण्यांपैकी पाच

लिहून ठेवते मी, वय एकाहत्तर, महाविद्यालयाच्या प्राणिसंग्रहात बत्तीस वर्षे स्पिरिटमधल्या प्राण्यांच्या बरण्या सांभाळणारी बाई. डोके ठिकाणावर आहे, हात थोडा थरथरतो. मला कोणी भरीस घातलेले नाही. ते आजवर कोणाला जमलेलेही नाही.

१. राहते घर आणि बँकेत असेल ते दिराच्या मुलीला. मागचे दार ओढून घेतल्याशिवाय लागत नाही.

२. चिमटे आणि भिंग संग्रहाच्या जुन्या शिपायाला. घड्याळ दुरुस्तीला त्याला उपयोगी पडतील.

३. शाईचे पेन दिराला. ते त्याचेच आहे, तो संग्रहात माझ्या हाताखाली होता तेव्हा रागाच्या भरात मी लपवले होते. बरणीतली चिठ्ठी शिसपेन्सिलीनेच लिहायची, शाई स्पिरिटमध्ये विरघळते, हे मी त्याला शंभरदा बजावले होते. अक्षर मोत्यासारखे, अक्कल बेताची. सुट्टीत त्याने गर्भांच्या सहा चिठ्ठ्या शाईने नव्याने लिहिल्या. आठवड्यात स्पिरिट निळे, चिठ्ठ्या कोऱ्या.

कासव, कोंबडी, सरडा, ससा, दोन डुकरे. त्या वयात सगळ्यांना शेपूट, सगळ्यांच्या गळ्याशी माशाच्या कल्ल्यांसारख्या घड्या. प्राणिशास्त्राचे सर मुलांना सांगत, "मूळ एक, म्हणून सुरुवात सारखी. वाटा पुढे फुटतात."

"वहिनी, आता यातलं कुठलं कुठलं?" दिराने विचारले.

"लाव कुठलीही," मी म्हणाले. दुसरे डुक्कर डुक्कर नव्हते. दुसऱ्या महिन्यात पडलेले माझे मूल मी घरात कोणाला न सांगता तिथे आणून ठेवले होते.

भिंगाखाली फरक कळतो. मी भिंग लावले नाही. आधी धीर झाला नाही, मग सहांचीही सवय झाली. सकाळी कुलूप काढले की सहाही तोंडे दाराकडे असत. बरण्या भिंतीकडे वळवून गेले तरी दुसऱ्या दिवशी तेच. सर म्हणत, स्पिरिट हलते. पण तेही बरण्यांच्या कपाटाकडे पाठ करून कधी बसले नाहीत.

४. संग्रह मोडीत निघाला तेव्हा बरण्या मी मागून घेतल्या. पाच मिळाल्या. "एक गळत होती, टाकली," कारकून म्हणाला. त्याला मी क्षमा केलेली नाही, याची नोंद असावी.

गेल्या आठवड्यात पुतणीला हे सगळे सांगितले. ती प्राणिशास्त्र शिकली आहे. म्हणाली, "काकू, दहा मिनिटांचं काम आहे. सांगू का तुमचं कोणतं?"

सांगू नये. पाचही गर्भ माझ्याशेजारी मातीत ठेवावेत, आणि त्याआधी कोणी तपासू नयेत. त्यांत माझे नसेल, तर ते मला मेल्यावरही कळायला नको.

सही केली, राहत्या घरी, बरण्यांच्या खोलीत, तीन तारखेला, मंगळवारी सकाळी.

साक्षीदार: शेजारची शिंपीण. (बरण्यांकडे न बघता सही केली.)
साक्षीदार: कोपऱ्यावरचा चष्मेवाला. (याने पाहिले. चहा न घेता गेला.)