ओलाव्याचा ठपका

६ ऑक्टोबर, सोमवार

थोरली गेली. दसऱ्याला जोडून घेतलेली सुट्टी संपवून वैशालीने सकाळी बटण दाबलं. दिवा लागला, विझला, संपलं.

मालकांनी, म्हणजे दादांनी, गेल्या वर्षी तीन कंपन्यांचे एकेक लॅपटॉप घेतले. वर्षभर वापरायचे आणि या दिवाळी पाडव्याला सगळ्या ऑफिसला एकाच कंपनीचे घ्यायचे. खरेदी माझ्याकडे, म्हणून तुलनाही माझ्याकडे. कंपन्यांची नावं इथेही नकोत. किमतीवरून थोरली, मधली, धाकटी. थोरली ड्रॉइंगला वैशालीकडे, एसीच्या गारव्यात. मधली माझ्या टेबलावर. धाकटी डिस्पॅचला, फौंड्रीच्या काळ्या धुळीत, दिवसभर उघडी. आणि मेली कोण, तर थोरली.

आनंद झाला. हे बरं नाही. तुलना करणाऱ्याला आनंद होता कामा नये.

७ ऑक्टोबर, मंगळवार

थोरलीची हेल्पलाइन. आधी यंत्र, गोड बाईच्या आवाजात. मग बासरी. मग एक मुलगा, हिंदीत: लॅपटॉप चालू करून स्क्रीनवर काय दिसतं ते सांगा. म्हटलं, चालू होत नाही म्हणूनच फोन केलाय. "ओके सर, मग चालू करून सेटिंग्जमध्ये जा." हा तरी माणूस होता का, शंकाच आहे.

शेवटी कळलं की जागेवर येऊन दुरुस्ती आमच्याकडे नाही. आमची शिरोली "दुर्गम भागात" येते. खिडकीतून हायवे दिसत होता, बंगळूरकडचे ट्रक एकामागे एक. दुर्गम! फोन ठेवतोय तोच मेसेज: आमची सेवा कशी वाटली, तारे द्या.

मधली तरी कुठे बरी? मार्चमध्ये तिची बिजागरी तुटली, तर म्हणाले, हा "दिसण्यापुरता दोष" आहे, वॉरंटीत बसत नाही. झाकण माझ्या हातात आलं होतं. स्वखर्चाने बसवून घेतली.

धाकटीला हेल्पलाइनच नाही, नुसतं चॅट. काहीही लिहा, उत्तर एकच: "आपली गैरसोय आम्ही समजू शकतो." एकदा मुद्दाम विचारलं, जेवलात का? तीही गैरसोय समजली त्यांना.

९ ऑक्टोबर, गुरुवार

थोरली राजारामपुरीतल्या सर्व्हिस सेंटरला स्वतः नेऊन दिली. काउंटरवरचा वर न बघता म्हणाला, "पावणं, टोकन घ्या." दुकानात मी एकटा. टोकन घेतलं. त्याने ते पुकारलंसुद्धा.

संध्याकाळी यूट्यूबवर तुलना बघितल्या. चार दिवस वापरून विश्वासार्हतेला दहापैकी नऊ. खोकं उघडण्यातच अर्धा वेळ. हसलो. मग वाटलं, आपली तुलना तरी काय मोठी? एकेकच मशीन, तीही तीन वेगळ्या जागी. यावरून कंपनी पारखायची? दादांना एकदा हे बोललो होतो. "मानेसाहेब, तुम्ही लै खोल जाताय. कुठलं घिऊ तेवढं सांगा की."

१३ ऑक्टोबर, सोमवार

सेंटरचा निकाल आला: "आत ओलावा. वॉरंटी लागू नाही." सोबत मदरबोर्डचा फोटो, अंगठ्याएवढा, धूसर. एसीत बसणाऱ्या मशीनला ओलावा! यांची ठरलेली पळवाट.

तरी वैशालीला विचारलं. विचारणं भाग होतं. "सर, मी पाण्याची बाटलीसुदिक टेबलावर ठेवत न्हाय. च्या तर बाहीर जाऊन पितो. शप्पत." खरं बोलते. वर्षभर बघतोय.

दादा मात्र: "पोरीनं च्या सांडला असंल. दिवाळीला तिला कायम करायचं हुतं न्हवं? ऱ्हाऊ दे मग." ती कागलहून रोज एसटीने येते, घर तिच्या पगारावर चालतं, हे दादांना माहीत आहे. म्हटलं, कंपनी खोटं बोलतेय, मी लेखी दाखवतो.

"दावा की."

१४ ऑक्टोबर, मंगळवार

अहवाल लिहिला. तिघींचीही सालटी काढली. थोरलीबद्दल: "ज्या कंपनीला आपल्या मालाची खात्री नसते, ती ग्राहकाच्या टेबलावर पाणी शोधते." हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. सेंटरला मेल केली: फोटो आमच्या मशीनचा नाहीच. असेल तर मोठ्या आकारात पाठवा, नंबरासकट.

दादा खूश. "लै भारी! कारखानदारांच्या ग्रुपवर टाकू की हे." वैशालीचं? "बघू."

१६ ऑक्टोबर, गुरुवार

मोठा फोटो आला. नंबर आमचाच.

बोर्डावर वाळलेल्या पाण्याचा ओघळ. कडेला लाल. आधी गंज समजलो. पण गंज असा गुलाबीकडे झुकत नाही, हे फौंड्रीत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला कळायला हवं. शिवाय एका स्क्रूच्या खाचेत पिवळा कण.

हळद. कुंकू. खंडेनवमी.

दादांच्या आई, आम्हा सगळ्यांच्या काकी, दर खंडेनवमीला कारखान्यात येऊन भट्टीपासून वजनकाट्यापर्यंत सगळ्या मशीनची पूजा करतात. यंदा लॅपटॉपही पाटावर मांडले. मी मिटूनच ठेवले होते. काकी म्हणाल्या, "तोंड झाकलेल्याची कसली पूजा? उघडा की ते." मधोमध थोरली होती, ती उघडली. विड्याच्या पानाने पाणी, हळद, कुंकू, परत पाणी. काकींचा हात सढळ. मधलीही उघडणार होतो, पण तिची नवी बिजागरी आठवली आणि हात आखडला. आपलं मशीन जपलं. थोरली फडक्याने वरवर पुसून मिटली, तीही मीच. वैशाली त्या दिवशी रजेवर होती. तिला काहीच माहीत नाही.

म्हणजे कंपनी खरं बोलत होती. वर्षभरात त्या लोकांनी सांगितलेली ही एकच खरी गोष्ट, आणि नेमकी तीच मी खोटी ठरवली. आजही त्यांची चीड येते. ती आता कशाबद्दल, ते सांगता येत नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

दादांना केबिनमध्ये फोटो दाखवला, सगळं सांगितलं. त्यांनी तो मोठा करून बघितला.

"आईला न्हाय सांगायचं हां. परत पाय टाकायची न्हाय ती हितं."

बरं, पण वैशाली?

"तिला कुठं काय बोललोय आपण? नुसतं थांबवलंय."

का थांबवलंय?

"मानेसाहेब, एकदा थांबवलं आन् लगेच कायम केलं तर लोक इचारत्यात. मग आईचं निघतंय."

आणि अहवाल? "त्यो ग्रुपवर गेला की काल! लोकास्नी लै आवडलाय." मोबाइल पुढे केला. उंचावलेल्या अंगठ्यांची रांग. म्हटलं, त्यातला थोरलीचा भाग खोटा आहे. दादांनी विचार केला, आणि खरोखर मनापासून केला: "मग पाडव्याला थोरलीच घिऊ की सगळ्यांला. तिचा काय दोष न्हाय त्यात."

मशीन निर्दोष सुटलं. वैशाली नाही.

दादा दुष्ट नाहीत, हे लिहून ठेवतो. आईला जपतात. पण स्वतःच्या आईला जपायचं ते दुसऱ्याच्या पोरीच्या भाकरीवर, याला काय म्हणायचं? आणि मी तिथून "बरं" म्हणून उठलो, त्याला?

१८ ऑक्टोबर, शनिवार

ग्रुपवर टाकायला मजकूर लिहिला: लॅपटॉपमध्ये पूजेच्या वेळी पाणी गेले, ऑपरेटरचा दोष नाही, अहवाल मागे घेत आहे. त्या ग्रुपवर दादांचे मामाही आहेत. काकींना दुपारपर्यंत कळेल. "पूजेच्या" काढून "साफसफाईच्या" केलं. मग ते शिपायावर जाईल. खोडलं. "माझ्या हातून पाणी गेले" असं केलं. झाकण मी उघडलं, पुसलंही मीच, तेव्हा हे सगळंच खोटं नाही. सगळं खरंही नाही. एवढ्यावर ती सुटेल का? दादा म्हणतील, लिहिलंत कुणाला विचारून. आणि मग मला थांबवतील का? हा प्रश्न आला आणि पाठवण्याचं बटण दाबलं गेलं नाही. इतकंच होतं तर मग माझं धाडस.

पाच वाजता वैशाली दारात, डबा पिशवीत भरत. "सर, पाडव्यानंतर येऊ न्हवं मी?"

"ये," म्हणालो. "काय व्हायचं ते मी बघतो."

"मग आईला तसं सांगतो," म्हणाली आणि एसटी गाठायला पळाली.

मजकूर समोर उघडा आहे. दादा अजून केबिनमध्ये आहेत.