सगळ्यांच्या पानावर ‘नाही’

दि. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण गेला आठवडाभर मी खोटं लिहिण्यात गुंतले आहे. आमच्या मानसोपचार दवाखान्याला मान्यता हवी आहे आणि बारा तारखेला तपासणी आहे. म्हणून ओल आलेल्या भिंतीला रंग फासला, भाड्याच्या कुंड्या आणल्या आणि समुपदेशनाच्या खोलीतली अडगळ मोरीत कोंबली.

खरी हमाली माझी, नोंदणीच्या बाईची. प्रत्येक रुग्णाला दरमहा पाच प्रश्न विचारायचे असतात. झोप, भूक वगैरे, आणि शेवटचा, जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार येतो का. वर्षभर कुणी कुणाला विचारलं नाही. आता मागच्या तारखा घालून मी दीडशे फायली भरल्या. सगळ्यांच्या पानावर ‘नाही’. शाई एकसारखी दिसू नये म्हणून साहेबांनी तीन पेनं दिली. शी! दादाचीही फाईल भरली, तोही आमचाच रुग्ण ना. कागदावर तरी आपला दादा ठणठणीत निघाला.

रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझी धाकटी

दि. ८ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

वाचून शिसारी आली. त्या साहेबांची आली, तुझी जास्त आली. मीही नर्स आहे, आम्हीही ते पान म्हणजे डोक्याला ताप समजायचो. मान्यतेसाठी तोंडाने विचारणं भाग पडलं आणि पहिल्याच महिन्यात चार जण ‘हो’ म्हणाले. त्यातली एक रोज माझ्यासमोरून हसत जायची.

दादाला विचारलंस का? परवा त्याने सुतारकामाची अख्खी पेटी माझ्या मुलासाठी पाठवून दिली. आपल्या रंध्याला जो बाबांनाही हात लावू देत नसे, तो पेटी देऊन टाकतो? मला भीती वाटते. हे पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हाती धाडते आहे. वाचलंस की तशीच ऊठ.

माया आहे म्हणूनच बोलते.

ताई

दि. १४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तशीच उठले. दादा स्वयंपाकघरात स्टुलावर बसला होता. कोरं पान काढून पाचही प्रश्न विचारले. पहिले चार त्याने थट्टेवारी नेले. पाचव्याला मात्र म्हणाला की हो, चार महिने झाले. दवाखान्यात खिडकीतून गोळ्यांची पुडी मिळते, विचारतं कोण, असंही म्हणाला. ताई, त्या चारही महिन्यांना माझ्या अक्षरात ‘नाही’ आहे. मला माझ्याच हाताची किळस आली.

त्याच संध्याकाळी त्याला डॉक्टरांसमोर बसवलं. आता तो आमच्याकडे राहतो, गोळ्या माझ्या ताब्यात असतात आणि कुणी ना कुणी त्याच्याजवळ असतं.

बारा तारखेला, त्याची परवानगी घेऊन, खोटं पान आणि खरं पान तपासणीच्या बाईंपुढे ठेवलं. मान्यता लांबली. साहेब म्हणाले की मी दवाखान्याचं तोंड काळं केलं. महिनाअखेर नोकरी जाईल. पण बाईंनी दीडशेच्या दीडशे जणांना पुन्हा विचारायला लावलं आहे, आणि तोवर ते काम माझ्याकडेच आहे. कालपर्यंत चाळीस झाले. सहा जण ‘हो’ म्हणाले.

अशीच रागावत जा, तुझा लोभ मला त्यातच कळतो.

तुझी धाकटी

ता. क. पेटी परत पाठव. रंध्याला गंज चढू दिलास तर बघ, असा दादाचा निरोप आहे.