पूर्ण किमतीचं खरेदीखत

अण्णा, तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, तेव्हा उगाच गोड सुरुवात करत नाही. काल नगरला रजिस्टर ऑफिसात गेले होते, आमच्या फ्लॅटच्या कामासाठी. स्टॅम्पचा आकडा पाहून नवरा म्हणाला, "सरकारनंच एक खोली घेतली म्हणायची." तो हसला. मला मात्र शेवगावचं आपलं घर आठवलं आणि ऑफिसातल्या बाकावरच डोकं तडकलं.

मला तो दिवस अजून लख्ख दिसतो. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून दस्त लिहिणाऱ्याच्या टेबलासमोर बसलाय, मी कागदांची पिशवी धरून मागं उभी आहे. शेताचे प्लॉट पाडून, त्यावर दोन-दोन खोल्या बांधून त्या मालकानं आठ घरं विकायला काढली होती. सात जणांनी त्याच महिन्यात खरेदीखतं करून घेतली, आणि सातही जणांनी कागदावर निम्मी किंमत लिहिली. स्टॅम्प लिहिलेल्या किमतीवर बसतो आणि तो भरायचा घेणाऱ्यानं, हे काय तुम्हाला ठाऊक नव्हतं? मालक तर काकुळतीला आला होता. "गुरुजी, आर्धी लिव्हा की. समदे लिव्हत्यात. पैसं तुमचंच वाचत्याल, माजं काय जातंय?" तुम्ही म्हणालात, "पोरांना खरं बोला म्हणून शिकवतो मी. सरकारला खोटं लिहून देणार नाही." मग लिहिणाऱ्यानं पेन खाली ठेवलं. "गुरुजी, तुमचं खरं हाय, पन शेजारच्या सातांचा इचार करा. सायेब तुमचा कागूद बघून त्यांचं कागूद बाहीर काडनार." हे मी माझ्या कानांनी ऐकलंय, अण्णा. तुम्ही ऐकलंत आणि म्हणालात, "ज्याचं त्यानं बघावं."

त्या जास्तीच्या स्टॅम्पात आपल्या नळाचे पैसे गेले. आईनं तोंडातून ब्र काढला नाही. शेजारच्या काकूंच्या बोअरवरून ती पाणी आणायची, आणि खरं सांगते, तिला ते आवडायचं. भाड्याच्या खोलीत जन्म काढलेली बाई. हंडा भरेपर्यंत दहा मिनिटं गप्पा व्हायच्या, वाटीभर कालवण इकडून तिकडं जायचं. पहिल्या उन्हाळ्यात सगळ्या बायकांनी मिळून आपल्याच अंगणात कुरडया घातल्या. आई मला म्हणाली होती, "आता कुटं मला गाव असल्यागत वाटतंय."

आणि मग नोटिसा आल्या. सातही घरांना. स्टॅम्प कमी भरलाय, फरक भरा, वर दंड भरा. शेजारचे काका कारखान्यावर ड्रायव्हर, त्यांनी काकूंची बोरमाळ मोडली. ते दारात येऊन ओरडले, "गुरुजी, तुमच्या खरेपनापायी आमची घरं धुतली!" तुम्ही वर्तमानपत्र खाली न ठेवता म्हणालात, "मी कुणाचं नाव घेतलं का?" कमाल आहे तुमची! दुसऱ्या दिवशी आई हंडा घेऊन गेली तर काकूंनी दार लोटून घेतलं. तिथून पुढं दोन वर्षं, नळ येईपर्यंत, तिनं चौकातल्या हापशावरून पाणी वाहिलं. हळदीकुंकवाला कुणी बोलावलं नाही, हिनं बोलावलं तर कुणी आलं नाही. कुरडयांचा चीक एकटीनं हाटायचा म्हणजे काय असतं, ते तुम्ही कधी बघितलंत? पातेलं पायानं दाबून धरायची ती. मी एकदा म्हणाले, "अण्णा, एकदा जाऊन दोन शब्द बोला त्यांच्याशी." तर केवढ्यानं डाफरलात माझ्यावर! "चूक केलेल्यानं जायचं असतं. मी काय चोरी केली?" नव्हती केली हो. पण तुमच्या खरेपणाचा दंड आई भरत होती, आणि तिला विचारावं असं तुम्हाला एकदाही वाटलं नाही.

तुम्ही गेलात त्या दिवशी गल्लीतले पुरुष खांदा द्यायला आले, नाही असं नाही. पण चूल बंद असलेल्या घरी शेजारचे भाकरी आणतात, ती कुणी आणली नाही. मामा घोडेगावहून डबा घेऊन येईपर्यंत आई भिंतीला टेकून नुसती दाराकडं बघत होती. ते मला सोसलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी काकूंच्या दारात गेले आणि म्हणाले, "अण्णा जाताना म्हणाले, माझं चुकलं, सगळ्यांना सांग." तुम्ही असलं काही बोलला नव्हतात. शेवटचे दोन दिवस तुम्हाला शुद्धच नव्हती. काकूंनी डोळ्यांना पदर लावला. तासाभरात त्या पिठलं-भाकरी घेऊन आल्या, त्यांच्यामागं बाकीच्या आल्या, आणि सगळ्या आईला धरून बसल्या. आई अशी रडली, जशी तुम्ही गेलात तेव्हाही रडली नव्हती.

त्या गेल्यावर तिनं मला जवळ बोलावलं. "खरंच म्हनले का गं, चुकलं म्हनून?"

"हो."

तिनं उरलेली भाकरी फडक्यात गुंडाळून ठेवली. मग म्हणाली, "माज्याबद्दल काय म्हनले का?"

मी म्हणाले, "तुझंच नाव पहिलं घेतलं."

येणाऱ्याजाणाऱ्याला ती अजून हे सांगते, अण्णा. परवापासून ती माझ्याकडंच राहायला आली आहे, म्हणून हे पत्र लिहून झालं की फाडणार आहे.