लिनक्सला स्कॅनर दिसत नाही

२४ नोव्हेंबर २००२, रविवार

वाटोळं केलं! माझंच, माझ्याच हातानं.

उपासनेनंतर चर्च कमिटीची मीटिंग. सकाळी पाळकसाहेबांचा उपदेश 'चोरी करू नको'वर. तो अंगात भिनलेला. मी उठलो आणि म्हणालो — ऑफिसच्या कॉम्प्युटरवरचं विंडोज चोरीचं आहे, देवाच्या घरात शोभत नाही. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, काय छाप पडली! तेवढ्यात खजिनदार सत्यवानकाका म्हणाले, "ते मीच टाकून दिलंय. फुकाट."

मेन रोडला त्यांचं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर टायपिंग-स्कॅनिंग करून द्यायचं, दुकान आहे, हे मला माहीत नव्हतं थोडंच? पण डोक्यातच आलं नाही. आराधनाच्या वडलांना भर मीटिंगमध्ये चोर म्हणालो! या नाताळात त्यांच्याकडेच तिला मागणी घालायची होती. शाब्बास सॅम सर!

ठराव झाला — विंडोज काढायचं. शिवाय नाताळची गीतपुस्तिका यंदा मोठ्या अक्षरात काढायची, म्हाताऱ्या माणसांना वाचता येत नाही. कुणी काढायची? काका म्हणाले, "ज्यो बोलला, त्यो करील की."

२६ नोव्हेंबर

कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून विंडोजच्या जागी लिनक्स टाकलं. फुकट, आणि तरी चोरीचं नाही! पडद्यावर त्याचं बोधचिन्ह, पेंग्विन, आला. पाळकसाहेब चष्मा पुसून म्हणाले, "हे बदक कशाला?"

२८ नोव्हेंबर

प्रिंटर चालला! पण पायऱ्या पाडतोय. पहिली ओळ संपते तिथून खाली दुसरी सुरू, तिसरी आणखी उजवीकडे, चौथी कागदाबाहेर. प्रभूची प्रार्थना छापून पाहिली. "आमच्या स्वर्गातील पित्या" छापणार कसं, मराठी अक्षरांचे तर चौकोनच येतात. म्हणून इंग्रजीत. तीही जिना उतरून गेली.

२ डिसेंबर

मराठी टाइप करणं सोडलं. जुनी पुस्तिकाच स्कॅन करायची, डाग पुसायचे, मोठी करून छापायची. थेट झेरॉक्स काढून पाहिलं — पिवळी पानं काळीकुट्ट येतात.

म्हणजे आता ऑफिसातला स्कॅनर. तर लिनक्स म्हणतं, स्कॅनर जोडलेलाच नाही.

५ डिसेंबर

जोडलाय रे बाबा! माझ्या समोर टेबलावर आहे!

९ डिसेंबर

नेट कॅफेत गेलो. मागच्या आठवड्यात लिनक्सवाल्यांच्या ग्रुपवर प्रश्न टाकला होता, त्याला केरळच्या कुणा भल्या माणसाचं उत्तर. प्रिंटरसाठी एक ओळ दिलीय, अमुक फाइलमध्ये घाल म्हणून. स्कॅनरचं नाव वाचून मात्र त्यानं एवढंच लिहिलंय — प्रार्थना करा.

ओळ घातली. पायऱ्या गेल्या! ऑफिसात एकटाच नाचलो.

१५ डिसेंबर, रविवार

प्रार्थना करतोय. स्कॅनर ऐकत नाही.

उपासनेनंतर काकांनी सगळ्यांदेखत विचारलं, "काय म्हणतंय तुमचं पाखरू? घालतंय का अंडं?" सगळे हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार. आराधना मागे थांबली. म्हणाली, "घरात तुझं नाव काढायची सोय राहिली नाही. एवढं तरी नीट कर." खरंच वाटलं, आता ही हातची गेली.

मग जाता जाता म्हणाली, "ती जुनी पुस्तिका दे बरं दोन दिवस."

१८ डिसेंबर

आराधना माझ्या शाळेच्या फाटकाशी. हातात सीडी. "सगळी पानं आहेत. कुठून ते विचारू नको." विचारलं नाही. विचारायला हवं होतं, कळत होतं. पण बुडत्याला काडी मिळाल्यावर तो काय झाडाचं नाव विचारतो?

२० डिसेंबर

छापलं! डाग पुसले, अक्षर दुप्पट केलं, स्वच्छ प्रत निघाली. बाकीच्या प्रती झेरॉक्सवाल्याकडून. बदक जिंदाबाद!

२५ डिसेंबर

मेरी ख्रिसमस!

पहिल्या गीतालाच पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या आक्काबाई ओरडल्या, "आगं बया, दिसतंय की मला समदं!" आणि गीत संपलं तरी त्या शेवटचं कडवं म्हणतच राहिल्या. मी हवेत.

मग सहज काकांकडे पाहिलं. ते गात नव्हते. एकेक पान उलटत होते. प्रत्येक पानावर उजव्या कडेला वरपासून खालपर्यंत एक बारीक रेघ आहे. मी ती पाहिली होती, झेरॉक्सची समजलो होतो. काका त्या रेघेवरून बोट फिरवत होते.

बाहेर आल्यावर त्यांनी आराधनाला विचारलं, "आपल्या स्कॅनरच्या काचंला ओरखडा कुठशी हाय गं?"

तिचा चेहरा पांढरा पडला. माझाही पडला असेल. म्हणजे त्यांच्याच दुकानात, त्यांच्याच चोरीच्या विंडोजवर, त्यांच्या पाठीमागे स्कॅन केलेली पानं! आणि चोर कोणाला म्हणत होतो मी?

काका सायकलवर बसून निघून गेले. केकही खाल्ला नाही.

२६ डिसेंबर

आईनं करंज्या पुढे ठेवल्या. एकही गेली नाही.

२८ डिसेंबर, शनिवार

काका घरी आले. बसले नाहीत. दारातूनच म्हणाले, "पानं न इचारता नेली, ती नेली. पोरगी तरी मागून ने. उद्या चर्च सुटल्यावर आईला घिऊन ये."