रिकामा डबा उचलून दाखवला

२४ सप्टेंबर २००५, शनिवार
शेवटी गाडी बघून आलो. हूकलोडर. मागे लोखंडी हात, त्याला आकडा. जमिनीवरचा खोलीएवढा डबा आकड्यात धरून स्वतःच्या पाठीवर ओढून घेते. नवी घ्यायची ऐपत नाही म्हणून जुनी, आणि जुनी म्हणून साहेबांची. साहेब म्हणजे ह्यांचे कारखान्यातले साहेब, ह्यांच्या हातात पहिला पाना देणारे. कारखाना बंद पडल्यावर ते भोसरीत जुन्या गाड्या दुरुस्त करून विकायला लागले आणि आम्ही मांजरीत शेड टाकून पुठ्ठा-काच निवडायला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून हडपसरच्या आयटी कंपनीत ट्रायल. रोज त्यांच्या सुक्या कचऱ्याचा भरलेला डबा उचलायचा, रिकामा ठेवायचा. तिथला गळ्यात पट्टा अडकवलेला मुलगा अगदी गोड हसून म्हणाला, “मॅम, ट्रायलमध्ये एक दिवस जरी मिस झाला ना, तर नेक्स्ट व्हेंडर.” हे काम गेलं तर शेड दिवाळीनंतर बंद. निवडायला येणाऱ्या बायकांना अजून बोलले नाहीये.

साहेबांनी रिकामा डबा उचलून दाखवला. झोकात उचलला. मी ह्यांना हळूच म्हटलं, भरून दाखवायला सांगा. ह्यांनी माझ्या पायावर पाय दिला. साहेबांची परीक्षा घ्यायची म्हणजे काय, पाप! तेवढ्यात काकूंनी, साहेबांच्या बायकोने, चहा आणला. चहा प्यायलो, उठलो.

पितृपक्ष चालू आहे, गाडी घटस्थापनेला आणायची. सासूबाईंचा हुकूम.

४ ऑक्टोबर, मंगळवार
आणली. सा.बां.नी रिक्षाने शेडवर येऊन ओवाळलं, नारळ फोडला, चाकांखाली लिंबं. आकड्यालासुद्धा हळदकुंकू. ड्रायव्हर तुकाराम मांजरीतलाच, नवीन शर्ट घालून आलेला. हे आज किती दिवसांनी शीळ घालत होते. बरं वाटलं. का खोटं बोलू, मलाही गाडी आवडली.

५ ऑक्टोबर, बुधवार


सकाळी डबा काचेने भरला, पहिल्यांदाच. अर्ध्यावर उचलल्यावर तुकाराम म्हणाला, कायतरी घासतंय. गाडी बंद करून तो खाली वाकून बघायला गेला. मी समोरच होते. डबा आवाज न करता खाली येत होता. सावकाश, पण येत होता. मी ओरडले. तो बाहेर सरकला आणि थोड्या वेळाने डबा तो वाकला होता तिथे टेकला.

तुकाराम बराच वेळ शर्ट झटकत उभा राहिला. मग म्हणाला, “वैनी, हे बसतंय खाली.” एवढंच. मी आत जाऊन रडले.

६ ऑक्टोबर, गुरुवार
भांडण. हे म्हणतात, लोखंडी हात उचलणाऱ्या सिलिंडरचं रबरी सील गेलंय, ऑइल मागे जातंय, एवढंच. अर्ध्यावर थांबवायचंच नाही, सरळ वर घ्यायचा. मी म्हटलं, आणि अडकला तर? तेव्हा खाली कोण वाकणार, तुम्ही की मी?

साहेबांना फोन करा म्हटलं तर, “कोणत्या तोंडाने करू?” आणि वर म्हणे, पूजा झालेली गाडी परत करत नाहीत. सा.बा. पलीकडे फुलवाती वळत होत्या. मला वाटलं आता ह्यांचीच बाजू घेणार. त्या म्हणाल्या, “पूजा गाडीची केली. माणसाचा बळी द्यायला नाही केली.” हे ताटावरून उठून गेले.

८ ऑक्टोबर, शनिवार
ह्यांना न सांगता भोसरीला गेले. मधे बस बदलावी लागली, तोवर काय बोलायचं ते पाठ केलं, तिथे गेल्यावर सगळं विसरले.

साहेब पेपर वाचत होते. सगळं ऐकून घेतलं. चेहऱ्यावर काही नाही. मग म्हणाले, हो, सील उतरलंय, रिकाम्या डब्याने कळत नाही. तुम्ही भरून बघायला मागाल म्हणून वाट बघत होतो. तुम्ही चहा प्यायलात आणि उठलात.

“मग सांगितलं का नाहीत?”

“विचारलं असतंत तर सांगितलं असतं.”

अस्सा संताप आला. ज्यांच्या पाया पडत आले आजवर, त्यांना म्हटलं, “साहेब, आम्ही भिडेपोटी गप्प बसलो. तुम्ही कशापोटी?”

काकू दारात उभ्या होत्या. साहेबांनी पेपरची घडी घातली, परत उलगडली. काकूंनी चहा विचारला, नको म्हटलं. ह्या घरात पहिल्यांदाच.

१० ऑक्टोबर, सोमवार
सकाळी साहेब शेडवर हजर. हातात हत्यारांची पिशवी, सोबत नवं सील. हे बघतच राहिले. दोघांनी मिळून सिलिंडर खोलला. आतल्या दांड्यावर ओरखडे, त्यांनीच सील कापलं जातं. साहेबांनी ते घासले, बोट फिरवून बघितलं, परत घासले. संध्याकाळपर्यंत जोडून झालं. जाताना ह्यांनी वाकून नमस्कार केला. साहेबांनी पाय मागे घेतले.

तुकारामची बायको आज जेवणाचा डबा द्यायच्या निमित्ताने आली होती. आमच्याकडे कमी, गाडीकडे जास्त बघत होती.

११ ऑक्टोबर, मंगळवार
आज साहेबांनी स्वतःच सांगितलं, भरा. काचेने गच्च भरला. अर्ध्यावर उचलून गाडी बंद. दांड्यावर खडूने रेघ मारली, ती हलली तर सील धरत नाही. भोवती मी दोरी बांधली, आत कोणी जायचं नाही. बायका निवडणं सोडून बघत बसल्या.

दुपार गेली. रेघ तिथेच. ह्यांचा चेहरा उजळला. तुकाराम म्हणाला, “धरलंय की!” मी चहा केला. सगळ्यांसमोर कप साहेबांच्या हातात दिला आणि विचारलं, परवा ही गाडी ट्रायलला पाठवू का?

साहेब म्हणाले, “आजचं सांगतो, धरलंय.”

“परवाचं?”

“परवाचं मला विचारू नका.”

“तेच विचारतेय, साहेब. खाली तुकाराम असणार आहे.”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. या वेळी पायावर पाय दिला नाही. साहेब कप तसाच धरून दांड्याकडे बघत राहिले. उद्या दसरा, तरी कंपनीत दहाच्या आत कळवायचंय, गाडी येणार की नाही.

माझा चहा पिऊन झाला. मी उठले नाही.