उघड्या भट्टीचा चुना

बाई, फणसवाडीतल्या देवळाच्या भिंतीला आज आम्ही भाजलेला चुना लागला. सिमेंट नाही, चुना! ही बातमी पहिली तुम्हालाच सांगावीशी वाटली, आणि तुम्हाला जाऊन तर किती वर्षं झाली.

तुमच्या स्वयंपाकघरातली शिकवणी. तुम्ही पोळ्या लाटताय, मी ओट्याला टेकून खिडकीबाहेर बघतेय. समोरच्या गच्चीवर कुणीतरी ढोल ताणतंय. तुम्ही पिठाच्या बोटाने ओट्यावर दोन बाण काढता, एक जाणारा, एक येणारा. "चुनखडी तापली की चुना होतो आणि वायू सुटतो. भांडं बंद असेल तर वायू जाणार कुठे? चुन्याला धरून पुन्हा दगडच होतो. जितका फुटतो तितका जुळतो, वरून सगळं थांबल्यासारखं. काय म्हणाले मी?" मी म्हटलं, "बाई, ढोल चढा लागलाय." तुम्ही लाटणं आपटलंत. "तू म्हणजे उघडं भांडं आहेस! काही आत राहील तर शपथ."

फार राहिलं नाहीच. कॉलेज सुटलं, मग हिंदमाताला साड्यांचं दुकान, मग कुणाच्या तरी टेम्पोतून थेट गोवा, ते जाऊ दे. सध्या जुन्या इमारती दुरुस्त करणाऱ्या टोळीत आहे. देवळाची भिंत चुन्याची. तिला सिमेंट फासलं तर ओल आत कोंडते आणि भिंत पोखरते. बाजारातला चुना मात्र गोणीतच हवा खाऊन मेलेला. मीच हट्ट धरला, आपण भाजू. कॉटन ग्रीनच्या एका गोदामात कुंभारकामाची जुनी विजेची भट्टी मिळाली. पहिला घाणा फसला. दगड वरून पांढरे, फोडले तर आत जसेच्या तसे. आमचे मुकादम मालवणचे काका. ऊब वाचावी म्हणून त्यांनी भट्टीची सगळी भोकं मातीने लिंपली होती, आणि तरीही भट्टीचा तापमानाचा काटा एका आकड्यापुढे चढतच नव्हता. "आता एकच घाणो, गो. नाय झालो तर सिमेंट."

त्या बंद भट्टीपुढे बसले आणि तुमचे पिठाचे बाण समोर आले. आच वाढत नाही, पण वायू तर बाहेर काढता येईल! उठले आणि माती खरवडायला लागले.

"अगो, ऊब सगळी भायर जातली!"

"जाऊ दे थोडी. वायू आत कोंडलाय काका, म्हणून दगड फुटत नाहीये."

"ह्यां तुका कोणी सांगल्यान?"

"आमच्या बाईंनी. पोळ्या लाटताना."

"मगे तुझ्या बाईंका सांग, घाणो फसलो तर सिमेंटच्या गोणी उचलूक येवा."

खालून हवेला वाट, वरून वायूला. काटा रडतखडत आधीच्याच आकड्यावर पोचला, पुढे हलला नाही. भट्टी निवल्यावर दगड उचलला तर हाताला हलका! पिंपात टाकून पाणी घातलं. क्षणभर काहीच नाही. मग पिंप फुत्कारलं, दगड तडकले, फुलले, वाफ थेट पत्र्याला. काका दोन पावलं मागे. "आवशीक खाव! बाईंका सांग, गोण्यांचा ऱ्हवांदे." मी नाचले, बाई. खरंच नाचले, गमबुटांत.

आता तो चुना भिंतीवर बसून हवेतला तोच वायू परत घेतोय, सावकाश दगड होतोय. तुमचा दुसरा बाण. आणि भट्टीला हवं होतं ते उघडं भांडंच, हे तुम्हाला ऐकवायची फार इच्छा होती.

हे पत्र टाकणार कुठे? खिशातच राहील, चुन्याच्या बोटांचे ठसे घेऊन. फक्त एक कबूल करते. त्या दिवशी ढोल खरंच चढा लागला होता. पण मी ऐकत होते, बाई. दोन्ही ऐकत होते.