सहीची गिटार

मंगळवार, १४ ऑक्टोबर

जे झालं ते, क्रमाने:

१. गिटार आली. कुरिअरवाला गराजच्या दारात ठेवून गेला. खोका भिजला, आतली पेटी कोरडी राहिली.
२. मापं घेतली. दांडीची रुंदी, तबलीची जाडी, घोडीची उंची. सगळी डॅडींच्या जुन्या गिटारशी जुळतात.
३. दांडीच्या बाराव्या पडद्यावर शिंपला जडवून केलेली डॅडींची सही आहे.
४. डॅडींच्या खाटेजवळ बसून वाजवली. तारा दुकानातून लावून येतात त्याच जुळणीत.
५. डॅडींनी भिंतीकडे तोंड केलं.
६. गिटार पेटीत ठेवली.

डॅडींच्या नावाची गिटार विकायला काढणाऱ्या कंपनीचा हा नमुना; सही त्यांनी करारावरून उचलली आहे. त्या हाताने आता त्यांना चमचा धरता येत नाही. मार्चमध्ये झटका येऊन ते पडले ते गिटारवरच — उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, गिटारची दांडी मुळातून तुटली. कंपनीने मापं आधीच घेऊन ठेवली होती. नशीब म्हणायचं!

बोलण्यातला एकच शब्द उरला आहे. 'पाऊ.' हवाईयन भाषेत म्हणजे झालं, संपलं. पाणी हवं — पाऊ. खिडकी लाव — पाऊ. मी कामावरून आले — पाऊ. बोलायला शिकवायला येते ती बाई म्हणाली, अर्थ शोधत बसू नकोस, तो नुसता आवाज आहे.

मी शोधत नाही.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

लाकूड तेच. तारा त्याच जाडीच्या. आवाज चांगला आहे. त्यांचा नाही.

शनिवार, १८ ऑक्टोबर

क्लेटन आला. डॅडींच्या चुलतभावाचा मुलगा, आयुष्यभर त्यांच्या शेजारी उभा राहून बास गिटार वाजवली. मीठ-तिळाचं तेल लावलेल्या कच्च्या माशाचा डबा आणि बिअर घेऊन थेट खाटेवर बसला.

"काय अंकल, आता पळून दाखवा! आता तरी बघू द्या तारा कशा लावता ते."

डॅडी हसले. अर्ध्या तोंडाने, पण हसले. माझ्यासाठी नाही हसत.

"टीटा, तुला सांगतो," क्लेटन म्हणाला, "हा माणूस मुतायला गेला तरी आधी खुंट्या फिरवून जायचा. बिअर सांडली तर चालेल, लग्न मोडलं तर चालेल, पण याच्या तारा कोणाला कळता कामा नयेत!"

"पाऊ," डॅडी म्हणाले.

"हो, हो, पाऊ. सोयीचं बोलता!"

इथे हवाईत, वायमेआतल्या जुन्या गुराख्यांच्या घरांत असंच असतं. प्रत्येक घराची जुळणी वेगळी. कुठली तार किती उतरवायची हे घराबाहेर जात नाही, आणि घरातही ते एकालाच मिळतं. मागायचं नसतं. दिलं जातं. म्हणून गिटार खाली ठेवण्याआधी डॅडी पाठ फिरवून प्रत्येक खुंटीला एक पीळ उलटा द्यायचे. कोणी तारा ढिल्या करत असेल तर आपण दुसरीकडे बघायचं — कोणी कपडे बदलत असेल तर बघतो तसं. लहानपणी एकदा मी टक लावून बसले होते. आंटी लेइनाआला, डॅडींची बहीण — तिने माझी हनुवटी धरून तोंड वळवलं. बोट चांगलंच रुतलं.

जाताना क्लेटन गाडीपाशी थांबला.

"तुला दिली ना त्यांनी?"

"नाही."

"खरंच?"

"खरंच."

"मग कोणाला?"

"कोणालाच नाही."

उरलेला मासा माझ्या हातात देऊन गेला.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

कंपनीच्या ग्रेगचा फोन. तिकडे मेनलँडवर, मुख्य अमेरिकेत, त्यांची दुपार असते तेव्हा मी पहिली कॉफी पीत असते. माणूस सभ्य आहे. दोन गोष्टी हव्या आहेत, महिनाअखेरपर्यंत. आवाज मंजूर आहे का. आणि जुळणी.

"कसली जुळणी?"

"वेंडलची. गिटारच्या आत लेबल असतं ना, त्यावर छापायची. जागा मोकळी ठेवली आहे. ते म्हणाले होते, जुळणी मुलगी सांगेल."

"केव्हा म्हणाले?"

"करार झाला तेव्हा. फेब्रुवारीत."

मी म्हटलं, बघते.

फेब्रुवारीत! त्यानंतर प्रत्येक रविवारी मी त्यांच्यासमोर बसून जेवले आहे. अळूच्या कंदांची पोई पातळ झाली यावर बोलले. शेजाऱ्याच्या बकऱ्यांवर बोलले. गिटार तिथेच खुर्चीत होती, तारा ढिल्या. मुलगी सांगेल! मुलीला काय सांगितलं होतं? की ग्रेगला टोलवायला मी बरी सापडले?

विचारायचं नसतं म्हणून विचारलं नाही. आता विचारून उपयोग नाही. मधे फार तर महिनाभराची जागा होती. तेवढ्या जागेत आम्ही दोघं गप्प बसलो होतो.

बुधवार, २२ ऑक्टोबर

डोंगरावरच्या दुर्बिणीची थरथर मोजणं हे माझं काम. वारा, मोटार, माणसाचं पाऊल — आलेखावर प्रत्येकाची रेघ वेगळी दिसते. माझ्या सही-शिक्क्याशिवाय कुठलाही आरसा जागेवर बसत नाही.

आणि वडिलांच्या सहा तारा मला माहीत नाहीत.

आज घरी आल्यावर त्यांची जुनी रेकॉर्डिंग्ज काढली. तीन आहेत. जे दिलं नाही ते मोजून घ्यायचं ठरवलं. चोरी म्हणायची तर म्हणा. दुसऱ्या खोलीत ते खोकत होते. मी हेडफोन लावले.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

चार तारा मिळाल्या. पक्क्या, तिन्ही रेकॉर्डिंग्जमध्ये त्याच. जाड दोन मिळत नाहीत. नेमक्या त्याच पट्टीत क्लेटनचा बास धो धो वाजतो.

क्लेटनला फोन केला. म्हणाला, "बघ! शेवटी मीच आडवा आलो!" हसला, मग म्हणाला, "सॉरी, टीटा." तूच वाजवत होतास, आठवून सांग, म्हटलं. "मी त्यांच्या पायाकडे बघून वाजवायचो. हातांकडे बघायचं नसतं ना."

दोन तारा अंदाजाने लावते. अंदाज! कामावर हा शब्द मी कोणाला वापरू देत नाही.

शनिवार, २५ ऑक्टोबर

लावली. चार खऱ्या, दोन अंदाजाच्या.

खाटेची पाठ उंच केली, डॅडींना बसतं केलं. फोनवर रेकॉर्डिंग सुरू करून उशाशी ठेवला. गुरं खाली उतरवायच्या दिवसांत वाजवायचे ते वाजवलं. वाईट वाजवलं. माझा हात कोरडा आहे, हे मला माहीत आहे. पण ते भिंतीकडे वळले नाहीत. शेवटपर्यंत माझ्याकडे बघत होते.

मग डावा हात पुढे आला. गिटार त्यांच्या मांडीवर आडवी ठेवली. वाटलं, लाकूड हाताला लागू दे. बोटं सहीवरून गेली, थांबली नाहीत. थेट खुंट्यांवर. त्यांनी एक तार ढिली केली. मग दुसरी.

मी रेकॉर्डिंग बंद केलं. तोंड वळवलं. काही ठरवून केलं नाही, मान आपोआपच वळली. स्वयंपाकघरात गेले आणि ऐकूही येऊ नये म्हणून नळ सोडला. भांडी धुतलेलीच होती. पुन्हा धुतली.

परत आले तर चार तारा लोंबत होत्या, एक जाड ताणलेली, आणि ते तिच्या शेजारची पिळत होते. तार छेडायची, पिळायची, छेडायची. कपाळावर घाम. बोलायला शिकवणाऱ्या बाईने सांगितलं होतं — हात एकदा एखादी गोष्ट करायला लागला की तीच करत राहतो, हळूच थांबवायचं. ती दुसरीही ताणली गेली. तिसरीवर बोटं गेली तेव्हा मी त्यांचा हात धरून बाजूला केला.

"पाऊ," ते म्हणाले.

मी गिटार उचलली.

"पाऊ! पाऊ, पाऊ!" खाटेच्या दांड्यावर हात आपटला.

"हो, डॅडी. पाऊ. कळलं मला."

कळलं. ओळखलं त्यांनी. मी काय लावून आणलं होतं ते पहिल्या स्वराला ओळखलं, आणि माझ्या तोंडावर ते बंद केलं. इतकं स्पष्ट त्यांनी माझ्याशी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

लोंबणाऱ्या तारांसकट पेटीत ठेवली. झाकण लावलं. ते रडत होते. मी घोंगडी सारखी केली.

सोमवार, २७ ऑक्टोबर

नमुना कंपनीकडे परत पाठवला. तारांना हात लावला नाही. सोबत लिहिलं: 'आवाज मंजूर. लेबल कोरं ठेवा. जुळणी देता येणार नाही.' चार तारांचे आकडेही पुसून टाकले.

घरी आल्यावर डॅडींनी आधी माझ्या हातांकडे पाहिलं, मग दाराकडे. जेवले नाहीत.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

दुसरा झटका. हिलोच्या हॉस्पिटलात. आता 'पाऊ'सुद्धा नाही.

रविवार, २ नोव्हेंबर

डॅडी काल दुपारी गेले. मी कँटीनमध्ये होते.

बुधवार, ५ नोव्हेंबर

गराजमध्ये माणसं मावत नाहीत. भाताची मोठी पातेली, नूडल्स, पानांत उकडलेलं डुक्कर, कोणाकोणाचे केक. सगळे मला धरतात, गालाला गाल लावतात, माझ्या खांद्यावर रडतात. मी कागदी बशा मोजून ठेवते.

क्लेटनने कोणाची तरी गिटार घेऊन वाजवलं. साध्या जुळणीत. मधेच थांबून म्हणाला, "हे असं नाही वाजत हो!" आणि रागाने बाहेर गेला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मुलगी आहे, एकुलती आहे — तिच्याकडे असणारच! कोणी विचारलं नाही. विचारायचं नसतं. त्यांच्या न विचारण्यानेच जीव नकोसा झाला. चार पिढ्या वाजत आलेलं माझ्यापाशी येऊन थांबलं, आणि थांबायचं कारण मी आहे. मी योग्य नव्हते. त्यांनी तसं सांगूनही ठेवलं.

ग्रेगचं पत्र आलं आहे. दुःखात सहभागी. फुलं पाठवतो आहे. गिटार पोचली, पेटी अजून उघडलेली नाही. पुढच्या आठवड्यात नव्या तारा चढवून शेवटची तपासणी करतील.

करा.

आंटी लेइनाआला संध्याकाळच्या विमानाने होनोलुलूहून आली. म्हातारी झाली आहे. माझी हनुवटी धरली, आणि बराच वेळ सोडली नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आंटी भांडी पुसत होती. मी तिला त्या शनिवारचं सांगून टाकलं. का सांगितलं माहीत नाही. तिने फडकं खाली ठेवलं.

"तोंड तुझ्याकडे करून?"

हो.

"सगळ्या उतरवल्या? लोंबेपर्यंत?"

हो.

"अगं पोरी... लपवायचं असलं की पाठ फिरवतात. एकेक पीळ पुरतो. देताना सगळ्या उतरवतात. दुसऱ्याने लावलेल्या तारांवर कोणी देत नाही. आमच्या बापाने वेंडलला तशीच दिली होती — आधी सगळी मोकळी केली, मग जाडीपासून एकेक तार चढवत."

ग्रेगला आत्ता पाठवलं ते असं:

'नमुन्याची पेटी उघडू नका. उघडली असेल तर खुंट्यांना हात लावू नका, तारा बदलू नका. चार लोंबत आहेत, जाड दोन ताणलेल्या आहेत. त्या दोन मला दिलेल्या आहेत. प्रवासात किती उतरल्या ते मी हिशेबात धरेन. गिटार आहे तशी परत हवी. सोमवार, १० नोव्हेंबरपर्यंत उत्तर द्या.'